ट्युशन माफ, मग बिल कसलं?

स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर उघडा लॅपटॉप. मुलीला न्यूयॉर्क राज्याच्याच सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. आज आर्थिक मदतीचं पत्र आलंय. बाबा स्क्रोल करत एकच आकडा शोधताहेत: आपण भरायचे किती?

अमेरिकेत तो आकडा माहितीपत्रकात सापडत नाही. २०२४-२५ मध्ये, स्वतःच्या राज्यातल्या चार वर्षांच्या सरकारी कॉलेजची छापील फी सरासरी ११,६१० डॉलर होती. पहिल्या वर्षाच्या मुलांची अनुदानं वजा केली, तर उरतात सरासरी अडीच हजार. अर्थात, या सरासरीत एक पैसाही न भरणारी गरीब घरंही आली. मधल्या घराला जास्तच पडतं.

पण खरी गोम खोलीत आणि ताटात आहे. राहणं-जेवण १३,३१० डॉलर. म्हणजे फीपेक्षा जास्त! पुस्तकं, प्रवास, वरखर्च धरला की वर्षाचा हिशोब तीस हजारांच्या घरात.

न्यूयॉर्कमध्ये २०१७ पासून एक्सेल्सिअर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न सव्वा लाख डॉलरपर्यंत असेल, तर ट्युशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ. होस्टेल आणि मेसचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. वर्षाला ३० क्रेडिट, म्हणजे पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम, पुरे करायचे. शिवाय जितकी वर्षं पैसे घेतले, तितकी वर्षं पदवीनंतर याच राज्यात राहायचं. बाहेर गेलात, तर शिष्यवृत्तीचं कर्ज होतं.

गरीब घरातल्या मुलाला वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत पेल ग्रँट, म्हणजे फेडरल (केंद्र) सरकारचं परत न करायचं अनुदान, मिळते. ट्युशन दुसरीकडून सुटली, तर ही ग्रँट खोलीभाड्याला लावता येते. या घराच्या पत्रात ‘मदत’ या मथळ्याखाली काय आहे? ५,५०० डॉलर, फेडरल कर्ज. कर्जाला मदत म्हणायची ही रीत मला तरी पटत नाही.

शेजारच्या न्यू जर्सीत, एडिसनच्या एखाद्या मराठी घरात तेवढंही नसतं. आईबाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर. शाळा सगळी इथलीच, कर दरवर्षी भरलेला. पण फेडरल ग्रँटही नाही, कर्जही नाही.

बाबांनी वहीत वजाबाकी मांडलीय. मुलगी आकड्याकडे बघते आणि विचारते,

“घरून जाऊन-येऊन केलं तर?”

कॉलेज सत्तर मैलांवर आहे.