पुण्याचा किनारा

[पडदा: जानेवारीतली पहाट. ओंकारेश्वराजवळचा मुठेचा घाट. कठड्यावर कावळे.]

पुण्यात काय नाही, असं विचारलं की पुणेकर जरा अडखळतो. मग नाइलाजानं म्हणतो, "समुद्र."

अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. मधे सह्याद्री उभा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. आणि मुठा तर जवळच्या समुद्राकडे पाठच फिरवते. तिचं पाणी मुळेला, भीमेला, कृष्णेला भेटत बंगालच्या उपसागराला जातं.

तरी किनाऱ्यावरचे पक्षी पुण्यात येतात. त्यांना मीठ नसलं तरी चालतं. पाणी आणि जमीन यांच्या मधला ओला, पायाखाली दबणारा पट्टा तेवढा हवा. त्या पट्ट्याला धरून आज नदीबरोबर खाली जाऊ.

[कावळ्याचा जवळून शॉट.]

सुरुवात मानाच्या पाहुण्यापासून. दशक्रियेला आलेली घरंदाज माणसं हात जोडून ज्याची वाट बघतात, तो हा गावकावळा. मानेला राखाडी पट्टा. काळ्याकुट्ट, जाड चोचीच्या डोमकावळ्याहून अंगानं लहान. कोकणातल्या मासळीबाजारातही हाच सापडेल. तिथं बांगड्याचं डोकं, इथं भाताचा पिंड. वर घिरट्या घालतेय ती घार, शेपटीला खाच असलेली. बंदरावर हिच्या जोडीला पांढऱ्या डोक्याची तांबूस ब्राह्मणी घारही असते. शहराच्या आकाशात मात्र हिचंच राज्य.

[नदीपात्र, भिडे पुलाच्या खालच्या बाजूला. दगडावर एक छोटा पक्षी.]

पुलावरून दुचाक्या चालल्यात. खाली दगडावर शेपटी सतत खालीवर हलवणारा हा तुतवार. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसतो, तोच. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्यापलीकडे वीण, मग दक्षिणेकडे मुक्काम. शेजारी पळतोय तो करडा धोबी. तोही हिवाळ्याचाच पाहुणा. दोघांचं भागतं ते पाण्याच्या कडेच्या हातभर ओल्या जागेवर.

[नदीकाठची मातीची कड. तिच्यात एक भोक.]

हे भोक नीट बघा. उंदराचं बीळ वाटेल, पण हे खंड्याचं घर आहे. निळ्या पाठीचा, पांढऱ्या छातीचा खंड्या. मासे मिळाले तर मासे, नाहीतर सरडे, नाकतोडे. पाण्यापासून लांब, सोसायटीच्या तारेवरही तो बसलेला दिसतो. मात्र अंडी घालायला त्याला मातीची उभी कड लागते. चोचीनं कोरून तो आत बोगदा करतो. वेडा राघूही मातीतच बोगदा खणतो. काठाला दगडी पिचिंग केलं, वर फरशी घातली, की माणसांना फिरायला झकास जागा होते. चोच मात्र त्यात शिरत नाही. नदीकाठच्या आराखड्यांमध्ये बाकडी किती, दिवे किती, हे असतं. मातीच्या कडेचा रकाना आम्हाला तरी कुठं दिसला नाही.

[संगम, मग बंडगार्डन. १८६७ सालचा फिट्झगेराल्ड पूल, दगडी कमानी.]

संगमावर मुळा येऊन मिळते. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं. काठाच्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून सुकवत बसतात. त्यांच्या पिसांची घडण बदकाच्या पिसांसारखी पाणी झटकणारी नसते, ती भिजतात. भिजलेली पिसं बुडी मारायला सोयीची, उडायला गैरसोयीची. म्हणून हे उन्हात वाळत घालणं.

[सोलापूर रस्ता. कवडीपाट. फेस, प्लॅस्टिक, आणि पक्ष्यांचा थवा.]

रविवारी सकाळी पुण्यातले निम्मे मोठ्या लेन्सवाले इथं असतात, असं गमतीनं म्हणतात. कॅमेरा गळ्यात, रुमाल नाकाला. वास पडद्यातून येत नाही, हे तुमचं नशीब.

शहराचं सांडपाणी पोटात घेऊन नदी इथं येते. आपण म्हणतो, नदी मेली. मग हे शेकडो शेकाटे इथं काय करतायत?

[शेकाट्याचे गुलाबी पाय. चोच चिखलात.]

शरीराच्या मानानं पायांची लांबी बघितली तर रोहित पक्ष्यानंतर शेकाट्याचाच नंबर लागतो. घोटाभर पाण्यात उभं राहून तो सुईसारखी चोच गाळात खुपसतो. त्या गाळात लाल अळ्या असतात, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या किड्याच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यात मासा तडफडतो. या अळ्या मजेत वाढतात. आपण घाण करतो, अळी तिच्यावर पोसते, शेकाट्या अळीवर.

पलीकडे थापट्या बदकं. गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच, तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते. पाणी गाळून खायचं. चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात घालून डावीउजवीकडे फिरवतो आणि काही लागलं की मिटतो. स्पर्शावरची शिकार, पाणी गढूळ असलं तरी अडत नाही. नारिंगी अंगाचे चक्रवाक लडाख, तिबेटकडून आलेले. संस्कृत कवींनी त्यांना रात्रभर विरहात ठेवलंय. इथं जोडी शेजारी शेजारी पेंगते आहे.

पण गर्दी बघून नदीला प्रशस्तिपत्र देऊ नका. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत खालचा मासा डोळ्यांनी हेरतो. फेसातून त्याला काय दिसणार? आम्हाला तो भेटला खडकवासल्याच्या जलाशयावर, नदी शहरात शिरण्याआधी.

[गाडीतून: उसाची शेतं. मग पाणीच पाणी.]

रांजणगाव सांडसजवळ मुळामुठा भीमेत जाते आणि भीमा उजनीत. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. फुगवट्याचं पाणी भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरलं. पुणे जिल्ह्याला समुद्रासारखं काही असेल तर ते हेच. वर कुरव घिरट्या घालतात, नावेतून कुणी फरसाण उधळलं की कलकलाट. नदी सुरय पाण्यावर सूर मारतो. आणि लांब, उथळ भागात, गुलाबीसर रेघ.

[रोहितांचा थवा. बांबूनं रेटली जाणारी नाव.]

कच्छच्या रणात वीण करणारे हे रोहित. डोकं उलटं करून वाकडी चोच गाळात, जिभेनं पाणी आतबाहेर, दात्यांत अडकलेलं पोटात. शेवाळ आणि बारीक जलचरांतला रंग त्यांच्या पिसांत उतरतो.

उजनीचा साठा उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, गेला की पेपरात मथळे येतात, शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. उथळ पाण्यात चरणाऱ्यांना मात्र तेव्हा ताट वाढलेलं असतं.

यंदा थवे कमी दिसतायत का, असं आम्ही नावाड्याला विचारलं. त्यानं बांबू गाळात रोवला, ओला भाग किती वर आलाय ते बोटानं दाखवलं.

"अजून पाणी लई हाय, दादा. इथं गुडघ्याला येऊ द्या, मग या."