धुळ्याचा बाजार आणि आईचा मसाला

श्रोतेहो, नमस्कार.

धुळ्याच्या पाचकंदील भागात उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी शिरलात, तर बाजार दिसायच्या आधी ठसका लागतो. कुठंतरी मिरची कांडप सुरू असतं. माझी आई एप्रिलमध्ये वर्षाच्या काळ्या मसाल्याची खरेदी करायची, आणि पिशव्या धरायला मी सोबत असायचो. आई मिरची हातात घेऊन मोडून बघायची. कडकन मोडली तरच घ्यायची, वाकली की परत टाकायची.

त्या पिशव्या आज आठवतो, तेव्हा एक गोष्ट मनात येते. मिरची नंदुरबारची, धणे आपल्या शिवारातले. पण खोबरं? आपल्याकडे नारळाच्या बागा कुठल्या! ते दक्षिणेतून आलेलं. मिरे, दालचिनी मलबारच्या बाजूची. हिंग अफगाणिस्तानातला. आणि जिच्यावर आपला एवढा जीव, ती मिरचीसुद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली. हे सगळं आईच्या तव्यावर भाजलं, की मग तो खान्देशी मसाला! मला यात कमीपणा वाटत नाही, अभिमान वाटतो. लांबून आलेल्याला आपलंसं करायचं हेच तर आपलं कसब.

धुळं शहर वाढलंही असंच. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज या ब्रिटिश अधिकाऱ्यानं इथं जिल्ह्याचं ठाणं केलं, तेव्हा गाव लहानच होतं. बाहेरच्या लोकांनी येऊन राहावं म्हणून घरांसाठी फुकट जागा दिल्या, बांधायला उचल दिली. पुढं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते इथंच एकमेकांना भेटले. माणसं येत राहिली.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, कुमारनगर वसलं. दाल-पकवान हा त्यांचा पदार्थ आता कुठल्याही धुळेकराला सांगावं लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका सिंधी काकांचं किराणा दुकान होतं. आई विचारायची, "भाव काय शे, भाऊ?" काका हसून म्हणायचे, "माय, तुमनापाईन जास्ती थोडाच लेसू!" म्हणजे, तुमच्याकडून जास्त थोडेच घेईन! घरात सिंधी आणि गल्ल्यावर अहिराणी. आईला त्यात नवल वाटायचं नाही, मलाही तेव्हा वाटलं नाही. आज वाटतं.

रमजानमध्ये संध्याकाळी खजुरांचे ढीग लागतात आणि घ्यायला सगळ्यांचेच हात पुढं येतात. ते तुम्ही पाहिलंच असेल.

पण एक माणूस या बाजारात दिसत नाही, त्याची मला खंत आहे. आमचूर आपण किलोनं घेतो. तो सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तयार होतो. पावरा आणि भिल्ल आदिवासी बाया कैऱ्या सोलतात, चिरतात, उन्हात वाळवतात. पाऊस आला की धावत जाऊन गोळा करतात. बाजारात पोचेपर्यंत त्या बायांचं नाव पुसलं गेलेलं असतं. दुकानात विचारून बघा, हा आमचूर कुठला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "मार्केटचा." होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा एकदा सातपुड्यात जाऊन या. तिथं याच बाया दागिने घालून, ढोलाच्या तालावर, गूळ-फुटाणे घ्यायला आलेल्या असतात. तिथं त्या गिऱ्हाईक असतात आणि भाव त्या ठरवतात.

आता बट्टीचं. आपण वरण-बट्टी म्हणतो, मारवाडी शेजारी दाल-बाटी म्हणतात. कुणाची कुठून आली यावर आमच्या गल्लीत तास-तास वाद चालायचे. आमचे गिरणीवाले दादा त्यात कधी पडले नाहीत. आमचा गव्हाचा डबा यायचा, मागून मारवाडी काकूंचा यायचा. दादा दोघांना एकच विचारायचे, "भरड ना?" दोघी हो म्हणायच्या. दादा जात्याचा पाट जरा सैल करायचे आणि एकापाठोपाठ एक दोन्ही डबे दळून द्यायचे.

नमस्कार.