‘उद्या बघू’ म्हणणारा मेंदू

नमस्कार श्रोतेहो.

“एवढ्याशा गोष्टीवरून?” कोवळ्या वयातल्या मुलानं जीव दिला की हा प्रश्न हमखास निघतो. आज त्या ‘एवढ्याशा’बद्दल बोलू.

2003 साली एक प्रयोग झाला. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि पडद्यावर तिघांत चेंडू फेकायचा खेळ. थोड्या वेळानं उरलेले दोघं, म्हणजे खरं तर संगणकच, याच्याकडे चेंडू टाकेनासे होतात. बस, इतकंच! तरी शरीराला दुखताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो जागा झाला. ही तर मोठी, कॉलेजातली मंडळी होती. पंधराव्या वर्षी, मित्रांनी ग्रुपमधून काढून टाकल्यावर काय होत असेल?

त्या वयात भावना उसळवणारा मेंदूचा भाग जोरात असतो. “थांब, उद्या बघू” म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यात झोप मोडलेली असली, तर विचारूच नका.

1976 साली स्वीडनमध्ये मेरी ऑसबर्ग यांना नैराश्याच्या काही रुग्णांच्या मणक्यातल्या द्रवात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा उरलेला अंश कमी आढळला. आत्महत्येचे प्रयत्न त्यांच्यात जास्त होते. तेव्हापासून “रसायन कमी पडलं” हे उत्तर फार सोपं झालंय. मला ते अपुरं वाटतं. कारण 2009 साली माँट्रियलच्या संशोधकांनी आत्महत्या केलेल्यांचे मेंदू तपासले. लहानपणी छळ सोसलेल्यांच्या मेंदूत ताणाचं संप्रेरक आवरणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा जास्त होत्या, जनुक मंदावलं होतं. छळ न सोसलेल्यांत तसं नव्हतं, आणि त्यांनीही आत्महत्याच केली होती. म्हणजे जगण्यातलं दुखणं पेशीत उतरतं, पण वाट एकच नसते.

“विचारलं तर नसतं डोक्यात भरेल” अशी भीती पालकांना असते. 2005 साली अमेरिकेत दोन हजारांवर शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं. अर्ध्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्यांचा त्रास वाढला नव्हता. आधीच खचलेली मुलं तर थोडी हलकीच झाली होती.

तेव्हा शेजारी बसा, मोबाइल बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, “तुला मरावंसं वाटतं का रे?” तो “हो” म्हणाला, तर दचकू नका, उपदेश नको. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.