करार दोघांचा, फी तिसऱ्याची

(बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्यमबागेतलं गव्हर्नमेंट टूल रूम, म्हणजे कारखान्यांची अवजारं-साचे घडवायला शिकवणारी सरकारी संस्था, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. तिची मूळ संस्था बेंगळूरची, 1972 साली डेन्मार्क सरकारच्या मदतीनं उभी राहिलेली. पलीकडे धारवाडला एनटीटीएफ, म्हणजे नेत्तूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशन आहे. तिची सुरुवात 1959 ची, केरळात तलश्शेरीजवळ नेत्तूरला, स्विस मंडळींच्या साह्यानं. म्हणजे परदेशाशी भागीदारी ही काल-परवाची टूम नव्हे. फरक इतकाच, की तेव्हा विद्या इकडे आली आणि कडोली-यळ्ळूरचा पोरगा सायकलवरून जाऊन ती शिकला. आता पोरानं शिकायला आणि कामाला तिकडं जायचं आहे.

दुसरं उदाहरण देतो, ते मला फार आवडतं. आपल्या जेएनएमसीनं, म्हणजे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं, अमेरिकी संशोधकांबरोबर याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी कमी होतो का, हे बघायचं होतं. एकूण 1620 बायका होत्या. गोळ्या द्यायला मोठे सर्जन नव्हते, उपकेंद्रातल्या नर्सबाई होत्या. ज्यांना खरी गोळी मिळाली नाही त्यांच्यात अतिरक्तस्राव 12 टक्के, ज्यांना मिळाली त्यांच्यात 6.4. हे 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विद्यापीठांच्या सह्यांचे फोटो पेपरात बरेच येतात. त्यातून गावच्या बाईच्या हातात काय पडलं, एवढंच मी बघतो.

आता आजच्या करारांकडे येऊ. आपली माणसं कामाला तिकडं जावीत म्हणून भारतानं करार केले, जपानशी 2021 च्या जानेवारीत, जर्मनीशी 2022 च्या डिसेंबरात. जर्मनीनं तर भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा 20 हजारांवरून 90 हजारांवर नेतो म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी वेगळा करार केला. त्याचा जीआर आपली पोरं शिनोळीच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, बसून मोबाईलवर वाचतात. असो, सीमाप्रश्नात शिरलो तर रात्र होईल.

जर्मनीत 'आउसबिल्डुंग' म्हणतात, ते नीट समजून घ्या. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत. दोन ते साडेतीन वर्षं. शिकत असतानाच मालक दरमहा पैसे देतो. पण तिथं पोचायला जर्मन भाषा लागते, साधारण बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमेल इतकी. नर्सिंगची नोंदणी व्हायला त्यावरची बी-टू. सीएनसी मशीनवर दोन शिफ्ट मारून आलेला पोरगा रात्री आठला 'डेर, डी, दास' ही जर्मन नामांची लिंगं घोकतो. ही एवढी परीक्षा त्याचा बाप शेताचा तुकडा गहाण टाकून देववतो, आणि तरीही करारावर सह्या दोन्ही सरकारांच्या.

केरळात बघा. तिथल्या सरकारची नोर्का ही संस्था जर्मन रोजगार खात्याबरोबर नर्सेस पाठवते आणि त्यांना बी-वनपर्यंतची भाषा फुकट शिकवली जाते. माणूस हवा असणाऱ्यानं माणूस घडवण्याचा खर्च उचलावा, यात नवल ते काय? आमच्या फौंड्रीवाल्यांनाही मी हेच सांगतो. मोल्डर मिळत नाही म्हणून ओरडतात, ओडिशा-बिहारची माणसं आणतात, पण अप्रेंटिसला धड स्टायपेंड देताना हात आखडतो.

एक अडचण खास आपली. कागद! एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आधी आडनाव, मग पोराचं, मग बापाचं. डिप्लोमावर नुसती इनिशियल. पासपोर्टावर बाप गायब. जन्मदाखला 'बेळगाम'चा, कारण 2014 च्या 1 नोव्हेंबरला नाव बदललं त्याआधीचा, पासपोर्ट 'बेळगावी'चा, आणि घरात आपण बेळगावच म्हणणार. तिकडचा अधिकारी तीन गावं समजतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे चार महिने अॅफिडेव्हिट, गॅझेट, नोटरी यातच गेले. पोरींचं तर लग्नानंतर नावच बदलतं. दहावीतच नावाचं स्पेलिंग तपासा, हे मी आता शाळांतून सांगत फिरतो. शिक्षक हसतात, पण तपासतात.

आखाताकडं जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टाला ईसीआर, म्हणजे 'परदेशी जाण्याआधी तपासणी हवी' असा, शिक्का असतो आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची मंजुरी लागते. ती टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर चढवतो. विमान सुटतं, पण तिकडं पगार थकला तर दाद कुठल्या कागदावर मागणार? नोंदणी केलेल्या एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. आमच्या गल्लीतल्या एका पोराकडून दीड लाख घेतले होते, पावती वहीच्या कागदावर. त्या कागदाची घडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, कारण तो घरात आईला दिसू नये म्हणून त्यानं माझ्याकडं ठेवायला दिला.

पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा: भाषेचा खर्च कुणाचा, आणि मधेच नोकरी सोडून आलो तर बाँडचे किती भरायचे? दुसऱ्या प्रश्नाला एजंट चहा मागवतो.

बास करतो. मागं नर्सिंगच्या मुली मघापासून हात वर करताहेत, माइक आधी त्यांच्याकडं द्या.