विधेयक छापूसुद्धा दिलं नाही

(दृश्य : डब्लिन, किल्डेअर स्ट्रीट. लोखंडी फाटकाआड लेन्स्टर हाउसची करड्या दगडाची इमारत.)

अठराव्या शतकात एका उमरावाने बांधलेला हा वाडा. आज आयर्लंडची संसद इथे भरते. खालचं सभागृह म्हणजे डॉल, वरचं शॅनद. शॅनदचं दालन छोटंसं आहे, छतावर नक्षीकाम आहे, आणि खरं सांगायचं तर अधिकारही बेताचेच. डॉलने मंजूर केलेलं विधेयक शॅनदला अडवता येत नाही. फार तर नव्वद दिवस लांबवता येतं.

सदस्य साठ. त्यातले अकरा थेट पंतप्रधान नेमतात, त्यामुळे सरकारचं बहुमत बहुधा पक्कं. आपल्या राज्यसभेतल्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांची कल्पना घटनाकारांनी आयर्लंडच्या घटनेतूनच घेतली. आणि सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या. महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघाची निवडणूक पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

यातल्या तीन जागा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या. १९६९ साली त्यांतल्या एका जागेवर पंचवीस वर्षांची एक तरुणी निवडून आली. मेरी बर्क. लग्नानंतर मेरी रॉबिन्सन.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. कायद्याची तरुण प्राध्यापिका.)

मेयो परगण्यातलं बॅलिना हे तिचं गाव. आई-वडील दोघेही डॉक्टर, घर कॅथलिक. शिक्षण ट्रिनिटीत, मग हार्वर्डमध्ये. ट्रिनिटी ही मुळात प्रोटेस्टंट परंपरेची संस्था. कॅथलिक मुलांनी तिथे शिकायचं तर चर्चची खास परवानगी लागे. ही अट १९७० पर्यंत टिकून होती. म्हणजे रॉबिन्सन सेनेटर झाल्या तेव्हाही ती होतीच.

सभागृहात पाऊल ठेवून फार दिवस झाले नव्हते, तोच त्यांनी हात घातला तो नेमका ज्याचं नाव काढायलाही पुढारी कचरत होते त्या विषयाला. संततिनियमन.

(दृश्य : १९३५ च्या कायद्याचं पान. कॅमेरा सतराव्या कलमावर थांबतो.)

१९३५ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम, कलम सतरा. संततिनियमनाची साधनं विकायला बंदी, विकण्यासाठी देशात आणायलाही बंदी. वापरायला मात्र बंदी नव्हती! दुकानात मिळणार नाही, बाहेरून मागवली तर कस्टम्स जप्त करणार, पण तुमच्याकडे ती कुठून तरी आलीच, तर वापरा. गोळ्यांचं तर आणखी गमतीशीर. मासिक पाळी नियमित करण्याचं औषध म्हणून डॉक्टर त्या लिहून देत. तेव्हा कागदोपत्री पाहिलं तर आयर्लंडमध्ये पाळीच्या तक्रारी असलेल्या बायका भलत्याच वाढल्या असणार.

ज्यांच्याकडे पैसा, ओळखीचा डॉक्टर, इंग्लंडला जाणं-येणं, त्यांचं निभावत होतं. कायद्याचा फटका बसायचा तो बाकीच्यांना. रॉबिन्सन यांचं म्हणणं साधं होतं. एका धर्माची शिकवण फौजदारी कायद्याच्या काठीने सगळ्यांवर लादणं हे प्रजासत्ताकाचं काम नव्हे.

जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट हे आणखी दोन सेनेटर त्यांच्या बाजूने उभे राहिले. एक पत्रकार, दुसरे गणिताचे प्राध्यापक. तिघांनी मिळून अशासकीय विधेयक तयार केलं.

आता इथे जरा थांबू, कारण खरी मेख कार्यपद्धतीत आहे. विधेयकाचं पहिलं वाचन म्हणजे निव्वळ उपचार. विधेयक मांडायची परवानगी मागायची, सभागृहाने ‘हो’ म्हणायचं, मग ते छापून सदस्यांच्या हातात पडतं आणि खरी चर्चा दुसऱ्या वाचनात होते. विरोध करायचा तो तिथे करतात. परवानगीच नाकारणं हे क्वचितच घडतं.

रॉबिन्सन यांच्या वाट्याला ते आलं. काही महिने विषय पुढे ढकलला गेला. जुलै १९७१ मध्ये मतदान झालं आणि शॅनदने पहिल्या वाचनालाच नकार दिला. म्हणजे विधेयक छापायचंही नाही. त्यात काय लिहिलंय हे सदस्यांनी अधिकृतपणे वाचायचंसुद्धा नाही. विरोधात मत देणं समजू शकतं; पण न वाचता मत देण्याची ही सोय सभागृहाने स्वतःच स्वतःला करून दिली होती.

(दृश्य : चर्चचा गाभारा, रविवारची गर्दी.)

बाहेरचं वातावरणही तापलेलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. असा कायदा झाला तर तो देशावर शाप ठरेल, असं त्यात होतं. बॅलिनाच्या चर्चमध्ये व्यासपीठावरून रॉबिन्सन यांचा निषेध झाला, तेव्हा त्यांचे आई-वडील समोरच्या बाकांवर होते. ते उठून बाहेर पडले. घरच्या पत्त्यावर द्वेषाने भरलेली पत्रं येत. नवरा निक ती पत्रं जाळून टाकी. आज इतिहासकारांना त्यांचा उपयोग झाला असता, पण त्या घरात तेव्हा इतिहासाचा विचार कोण करणार!

(दृश्य : मे १९७१. डब्लिनचं कॉनली स्टेशन. फलक घेतलेल्या बायका.)

२२ मे १९७१. स्त्रीमुक्ती चळवळीतल्या काही जणी आगगाडीने बेलफास्टला गेल्या. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश कायदा, तिथे ही साधनं उघड मिळत. खरेदी करून त्या परतल्या आणि कॉनली स्टेशनवर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांसमोर सगळा माल नाचवत बाहेर आल्या. गोळ्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते हे बेलफास्टच्या दुकानात कळलं, तेव्हा काहींनी चक्क ॲस्पिरिन घेतलं होतं. अडवणाऱ्याला ते कुठून ओळखू येणार? कोणी अडवलंच नाही.

मग प्रकरण न्यायालयात गेलं. मे मगी, चार मुलांची आई. पुन्हा गरोदरपण आलं तर जिवाला धोका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिने इंग्लंडहून मागवलेलं पार्सल कस्टम्सने जप्त केलं. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पतिपत्नीच्या खासगी आयुष्यात सरकारला असं डोकावता येणार नाही. आयातीवरची बंदी गेली. विक्रीवरची राहिली. आता स्वतःसाठी मागवता येत होतं, विकत घेता येत नव्हतं. घोळ आणखी वाढला.

रॉबिन्सन यांच्या नव्या विधेयकाला या वेळी निदान छपाईचं भाग्य लाभलं. १९७४ च्या सुरुवातीला शॅनदमध्ये चर्चा झाली आणि ते पडलं. त्याच जुलैत सरकारचं स्वतःचं विधेयक डॉलमध्ये मतदानाला आलं. पंतप्रधान लियम कॉसग्रेव्ह उठले आणि स्वतःच्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन आले. आधी सहकाऱ्यांना कल्पना न देता. तेही पडलं.

१९७९ मध्ये आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही यांनी कायदा आणला खरा, पण कंडोमसाठीही डॉक्टरची चिठ्ठी लागेल अशा अटीवर. ‘आयरिश प्रश्नाला आयरिश उत्तर’ असं त्यांनीच त्याला म्हटलं. रॉबिन्सन यांना हे उत्तर पटलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या वीस वर्षांतली ही जागा सर्वांत अवघड. जे मागितलं त्याचा तुकडा पुढ्यात आल्यावर ‘हे पुरेसं नाही’ म्हणणं हे सरळसरळ हरण्यापेक्षा कठीण असतं.

बाकीचं भराभर सांगतो. विवाहबाह्य मुलांच्या वारसाहक्कासाठी त्या सभागृहात बोलल्या. डब्लिनच्या वुड क्वे इथे व्हायकिंग काळातली वस्ती सापडली, तिच्यावर पालिकेची कार्यालयं उभी राहू नयेत म्हणून लढल्या. कार्यालयं उभी राहिलीच. मध्यंतरी मजूर पक्षात गेल्या. १९८५ मध्ये उत्तर आयर्लंडबाबत ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात अँग्लो-आयरिश करार झाला, तेव्हा उत्तरेतल्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू पाहणाऱ्यांना, विश्वासात घेतलं नाही म्हणून पक्ष सोडला. करार लोकप्रिय होता, आणि ज्यांच्यासाठी त्या भांडल्या ते त्यांचे मतदार नव्हते. हिशेबी राजकारण्याला हे सुचलंच नसतं.

१९८५ मध्येच अठरा वर्षांवरच्या कोणालाही चिठ्ठीशिवाय कंडोम मिळू लागला. विक्री मात्र ठरावीक ठिकाणीच. १९८९ मध्ये त्यांनी शॅनद सोडलं.

(दृश्य : डिसेंबर १९९०. डब्लिन कॅसल, शपथविधी.)

पुढच्याच वर्षी त्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९९३ साली संततिनियमनाच्या कायद्यातली कंडोमविक्रीवरची उरलीसुरली बंधनं उठवणारी दुरुस्ती संसदेने मंजूर केली, आणि सहीसाठी कागद त्यांच्या टेबलावर आला. बावीस वर्षांपूर्वी जे छापूही दिलं नव्हतं, त्याच विषयावर आता त्यांच्या सहीवाचून कायदा होत नव्हता.

सही करता येत होती, बोलता येत नव्हतं. आयरिश घटनेनुसार राष्ट्राध्यक्षांना संसदेपुढे भाषण करायचं असेल तर मजकुराला आधी सरकारची मान्यता लागते. वीस वर्षं शॅनदमध्ये हवं ते बोललेल्या या बाईंनी सात वर्षांच्या कारकिर्दीत दोनदाच संसदेपुढे भाषण केलं. दुसरं फेब्रुवारी १९९५ मध्ये, देश सोडून जगभर पांगलेल्या आयरिश माणसांबद्दल. दोन्ही सभागृहांचे सदस्य समोर बसून होते. भाषणाचं स्वागत थंडच झालं.