विकलेल्या घराची जिवंत जाहिरात

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत 'घरविक्रीची संकेतस्थळे खरेदीदाराच्या उपयोगी कशी पडतील' असा छापलेला आहे आणि पाऊण तासात सहा मुद्दे मांडण्याचे मी संयोजकांना कबूल केलेले आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींनी कधी ना कधी अशा साइटवर घर शोधलेले असेल आणि उरलेल्या निम्म्यांना, त्यांनी काहीही शोधलेले नसताना, "सर, टू बीएचके बघताय ना?" असे फोन येत असतील, असे गृहीत धरून मी प्रास्ताविक गाळते.

पहिला मुद्दा पैशांचा. यांतल्या बहुतेक साइटवर घर शोधणाऱ्याला एक रुपयाही मोजावा लागत नाही. पैसे मोजतात ते मुख्यतः बिल्डर आणि दलाल, आणि त्यांना त्या बदल्यात हवे असते ते आपले नाव व मोबाइल नंबर. त्या धंद्यात आपल्याला 'लीड' म्हणतात. यात बेकायदा काही नाही. परंतु दुकानात गिऱ्हाईक कोण आणि माल कोण हे एकदा नीट कळले, म्हणजे दुकानाची मांडणी अशी का आहे हेही कळते.

जुन्या काळच्या वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती आठवून पाहा. तिथे शब्दागणिक पैसे पडत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा द्यायची तर पुन्हा पडत. त्यामुळे घर विकले गेले की जाहिरात आपोआप बंद होई, कारण विकलेल्या घरासाठी पदरचे पैसे घालणारा दानशूर दलाल निदान पुण्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. संकेतस्थळावर मात्र वर्षाचे पॅकेज घेतलेल्या दलालाला जुनी जाहिरात तशीच ठेवायला वेगळा खर्च येत नाही, उलट तिच्यावर रोज चार फोन येतात. मेलेली जाहिरात जिवंत ठेवण्यात फायदा आणि ती काढून टाकण्यात तोटा, अशी ही व्यवस्था आहे. माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्याभोवती फिरणार आहे, आणि ते पटावे म्हणून एक किस्सा सांगते. तो थोडा लांबतो, हे माझ्या कार्यालयातील कनिष्ठ वकिलांनी मला अनेकदा नम्रपणे सुचवलेले आहे.

माझी भाची आणि तिचे यजमान हिंजवडीत नोकरी करतात. मुलाच्या शाळेसाठी त्यांना कोथरूड-कर्वेनगर भागात घर हवे होते. तिने एका साइटवर दोन खोल्यांचा एक फ्लॅट पाहिला: दुसरा मजला, पूर्वेकडे तोंड, किंमत ९५ लाख, जाहिरात 'तीन दिवसांपूर्वीची'. पत्ता पाहण्यासाठी तिने मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला, आणि हातातला चहा संपायच्या आत फोन सुरू झाले. प्रत्येकाचे उत्तर एकच: "मॅडम, तो कालच गेला हो. पण त्याच्यापेक्षा भारी दाखवतो, फक्त बजेट थोडं वाढवा." गंमत अशी की काल गेलेला हा फ्लॅट दुसऱ्या दिवशीही साइटवर होताच, आणि तोसुद्धा एकदा नव्हे. निरनिराळ्या दलालांच्या नावावर तोच फ्लॅट कुठे ७१० चौरस फूट होता, कुठे ७८०, तर एका ठिकाणी ९८०. किमतीही वेगळ्या आणि फोटोही वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काढलेले.

तो एकच फ्लॅट आहे हे ओळखले भाचीने, आणि तेही स्वयंपाकघराच्या फोटोवरून. फ्रिजच्या वरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले होते. तिने फोटो मोठा करून पाहिला, तर पान एप्रिल २०१९चे. तारखांच्या चौकोनांत पेनाने दुधाचा हिशेब लिहिलेला: 'एक', 'एक', 'दीड', मधेच एक 'नाही', आणि २१ तारखेनंतरचे सगळे चौकोन कोरे. जाहिरात तीन दिवसांपूर्वीची आणि भिंत कित्येक वर्षांपूर्वीची! मी व्यवसायाने वकील असून मिळकतीचे शोध अहवाल देण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे दूध बंद झाले म्हणजे बिऱ्हाड हलले, हा निष्कर्ष काढायला मला वेळ लागला नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकून शोध घेतला, तेव्हा त्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, निघाला. खरेदीखताची नोंदणी मे २०१९मध्ये झालेली होती आणि मोबदला होता ६८ लाख.

खरे तर तिथेच थांबायला हरकत नव्हती, परंतु कुतूहल वाईट. एका रविवारी आम्ही दोघी त्या सोसायटीत गेलो. दार उघडणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत. आमचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, "या, बसा. माझं घर विकायला निघालंय, हे मला महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन सांगतंच." मग चहा आला आणि त्यांनी विचारले, "सध्या काय भाव चाललाय?" भाचीने ९५ सांगितल्यावर त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली, "अगं, ९५ झाले! मागचे लोक ८२ म्हणत होते." त्यांनी साइटला तक्रारही केली होती. तेव्हा त्यांना असे उत्तर आले की जाहिरात काढायची असेल तर जाहिरातदाराने आपल्या लॉगिनमधून विनंती करावी. म्हणजे घर यांचे, त्यात राहतात हे, आणि ते विकायचे नाही असे म्हणण्याचा अधिकार मात्र यांना नाही.

तुम्ही हसलात, परंतु यात नुकसान कोणाचे झाले ते पाहा. दलाल मधूनमधून किंमत बदलून जाहिरात ताजी करत असतो. मग 'या भागातील सरासरी दर' म्हणून साइट जो आलेख दाखवते, त्यात असले न झालेले व्यवहारही मिसळतात. विकणारा तोच आलेख पुढे करून आपली किंमत ठरवतो आणि घेणाऱ्याला तोच बाजारभाव वाटतो. फ्लॅट कुठे ९५ला गेला? तो ६८ला गेला, आणि तोही २०१९ साली.

आता माझा उपाय. नव्या प्रकल्पांच्या बाबतीत हा प्रश्न बराच सुटलेला आहे. स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, २०१६चा. आपल्याकडे त्याखालचे राज्याचे प्राधिकरण, महारेरा, मे २०१७पासून काम करते. नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. म्हणजे नव्या घराला ओळख आहे. पुनर्विक्रीचे घर मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि मध्यमवर्गीय माणूस कोथरूड, डोंबिवली, नाशिकचे गंगापूर रोड अशा वस्त्यांत जे घर शोधतो ते पुष्कळदा पुनर्विक्रीचेच असते. त्या घराला साइटवर ओळख अशी काहीच नसते. फोटो, फोन नंबर आणि 'प्राइम लोकेशन', इतकेच.

परंतु त्या घराला ओळख आहे, आणि ती मालकाच्या कपाटात आहे. ज्या खरेदीखताने त्याने घर घेतले, त्याला दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष असते: हवेली क्रमांक अमुक, दस्त अमुक, सन अमुक. माझी मागणी एवढीच आहे, की पुनर्विक्रीच्या घराची कोणतीही जाहिरात हा क्रमांक घेतल्याशिवाय साइटने स्वीकारू नये. तो सर्वांना दाखवण्याची गरज नाही, साइटने तो तपासावा आणि स्वतःजवळ ठेवावा. तेवढ्याने तीन गोष्टी होतात. एका दस्ताला एकच जाहिरात राहते. दलाल कितीही असोत, त्यांची नावे तिच्याखाली एकाखाली एक लागतील. क्षेत्रफळ दलालाच्या मर्जीवर राहत नाही, कारण इंडेक्स टूमध्ये दुसऱ्या रकान्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव आणि पुढे क्षेत्रफळ नोंदलेले असते. आणि त्याच फ्लॅटचे नवे खरेदीखत नोंदले गेले, की जाहिरात त्या दिवशी बंद होते. त्यासाठी कोणाच्या लॉगिनची वाट पाहावी लागत नाही.

यावर 'ही खासगी माहिती आहे' असा आक्षेप नेहमी येतो. नोंदणी अधिनियम १९०८चा आहे आणि त्याच्या कलम ५७नुसार पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या नोंदवहीच्या, सूची अर्ज करणाऱ्या कोणालाही पाहता येतात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात लपवाछपवी होऊ नये, हाच त्या नोंदणीचा हेतू आहे. साइटने नावे झाकावीत आणि तारीख, क्षेत्र व मोबदला एवढेच दाखवावे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५पासूनच्या घरविक्रीच्या किमती तिथले भूमी नोंदणी कार्यालय खुल्या करते, आणि तिथल्या साइटवर घराची मागची विक्री किती पौंडांना झाली ते दिसते. त्यांची घरे त्यामुळे विकली जायची थांबलेली नाहीत.

दुसरा आक्षेप खरा आहे. जुन्या सहकारी सोसायट्यांत पुष्कळांकडे नोंदलेला दस्त नसतो, केवळ सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) असते. वारसाने आलेल्या घरांचीही कथा निराळी. तिथे सोसायटीचे पत्र घ्यावे आणि जाहिरातीवर तसे स्पष्ट लिहावे, कारण दस्त नाही ही गोष्टसुद्धा खरेदीदाराला टोकन देण्याच्या आधी कळायला हवी, नंतर माझ्या कार्यालयात येऊन नव्हे. तिसरी अडचण सरकारची. आज हा शोध माणसाने एकेक करून, संकेतस्थळावरची ती कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरे ओळखत घ्यावा लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याऐवजी तिथेच नंबर तपासून घ्यावा अशी ती अक्षरे असतात. नोंदणी विभागाने साइट्सना ही पडताळणी थेट संगणकातून संगणकात करू दिली पाहिजे. ते साइटच्या हातात नाही, हे मला मान्य आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आणि कबूल केलेले मुद्दे बरेच, तेव्हा भराभर सांगते.

क्षेत्रफळ. रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केलेली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडायची. साइटने दर काढताना हेच एक क्षेत्र वापरावे. आमच्या त्या फ्लॅटचे ९५ लाख ९८० चौरस फुटांनी भागले तर दर ९,६९४ रुपये येतो आणि ७१०ने भागले तर १३,३८०. साइटवर 'दर कमी ते जास्त' असे लावल्यावर सर्वांत खोटे क्षेत्रफळ देणारा सर्वांत वर येतो, याला काय म्हणावे?

एकूण खर्च. साइट ९५ लाखांवर हप्ता काढून दाखवते आणि माणूस खूश होतो. पुण्यात पुरुषाच्या नावे घ्यायचे तर मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था आणि मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर ९५ हजार. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत आहे, हे साइटने अगदी वर लिहावे. निदान त्या निमित्ताने तरी घर बाईच्या नावावर होईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे या किमतीच्या घरात शुल्काचा खर्च धरून कर्ज देता येत नाही, आणि ३० लाखांहून जास्त, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ७५ लाख कर्ज मिळाले तरी खिशातून जवळजवळ २८ लाख लागतात. हा आकडा हप्त्याच्या आधी दाखवला पाहिजे.

भोगवटा प्रमाणपत्र. 'रेडी पझेशन' असे लिहिलेल्या प्रत्येक घरापुढे या प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या सरकारी दाखल्याचा, क्रमांक आणि तारीख असावी, नसल्यास 'मिळालेले नाही' असे ठळक लिहावे. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात विक्री कार्यालयाने सांगितलेली ताब्याची तारीख छापू नये. महारेराकडे जाहीर केलेली मूळ तारीख आणि त्यानंतर मिळालेली मुदतवाढ, दोन्ही छापाव्यात.

पाणी आणि मेंटेनन्स. मासिक वर्गणी किती, महापालिकेचे पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकरवर सोसायटी किती खर्च करते, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले आहे (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे) की नाही, या चार रकान्यांसाठी जलतरण तलावाचा एक फोटो कमी करावा.

शेवटचा मुद्दा मोबाइल नंबराचा. एका घरासाठी दिलेला नंबर त्या एकाच जाहिरातदाराला जावा, तोही साइटने मधे ठेवलेल्या तात्पुरत्या क्रमांकामार्फत, आणि शोध संपला असे खरेदीदाराने कळवले की तो क्रमांक बंद व्हावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झालेला आहे. संमती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती ती धरायची, हे त्याचे सूत्र आहे. कोथरूडचे घर पाहण्यासाठी दिलेल्या संमतीत तळेगावच्या प्लॉटचे फोन बसत नाहीत.

वेळ संपली. इंडेक्स टूचा एक नमुना, नावे झाकून, मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांनी घर पाहायला सुरुवात केली आहे त्यांनी त्यातला दुसरा आणि तिसरा रकाना पाहून घ्यावा. आणि दलाल मंडळींपैकी कोणी सभागृहात असतील, तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.