तांबडीची मान

[पडदा काळा. पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज. मग एकदम कोंबड्यांचा कल्ला.]

हा आवाज आम्ही मुद्दाम टिपलेला नाही. देवगड तालुक्यातल्या या वाडीत आम्ही आलो होतो भाताच्या बेणणीचं, म्हणजे तण काढण्याचं, चित्रण करायला. श्रावणातली दुपार, पाऊस जरा उघडलेला, आणि माईक खळ्यात चालूच राहिला होता.

गडग्याकडून, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाकडून, आजी ओरडली, "मुंगसान धरल्यान गो तिका!"

सून धावली. तिने फेकलेली पाटी मुंगसाला लागली नाही, पण त्याने तोंडातलं सोडलं आणि चिऱ्यांच्या फटीत ते दिसेनासं झालं. मागे पिसांचा सडा, आणि मधोमध घरची कोंबडी, तांबडी. मानेवरची कातडी बोटभर फाटलेली, खालचं लाल मांस उघडं, शेजारी दातांची दोन भोकं. आम्हाला वाटलं, संपलं. आजी वाकून म्हणाली, "मेली नाय हा. डोळो उघडो हा तिचो."

[तांबडीचा डोळा, जवळून.]

खरं सांगायचं तर एरवी अशा कोंबडीचं काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. आजीनेच सांगून टाकलं, "श्रावण नसतो तर आज तिची सागोती झाली असती." घर श्रावण पाळणारं. त्यामुळे सुरी कोणी काढली नाही, आणि तांबडीला गणपतीपर्यंतची मुदत मिळाली.

दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त किती असतं? साधारण 100 मिलिलिटर. चहाच्या लहान कपाएवढं. म्हणून पहिलं काम रक्त थांबवणं. सुनेने धुतलेलं सुती फडकं जखमेवर नुसतं टेकवून धरलं. आवळलं नाही, कारण मान आवळली की श्वासही आवळतो. पाचेक मिनिटं ती तशीच बसून होती. मधेमधे फडकं उचलून बघायचा मोह तिला झाला नाही. आम्हाला होत होता.

तोवर आजी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊन आली. इथे सासू-सुनेची थोडी वादावादी झाली. ती आम्ही कापलेली नाही.

"आये, हळद नको. खपली धरता आणि खाली पू रवता."

"आमी काय कोंबड्यो पाळूक नाय?"

डबा परत गेला. सुनेने लिटरभर पाणी उकळून गार केलं, त्यात 9 ग्रॅम मीठ घातलं, आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखम धुतली. पाण्याबरोबर माती, पिसांचे तुकडे, वाळकं पान असं बरंच काही बाहेर आलं. मग पोव्हिडोन आयोडीन, तेही कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. दातांच्या भोकांना मात्र तिने काही लावून बुजवलं नाही. मुंगसाच्या दातांवरची घाण कातडीखाली खोल जाते. वरून भोक मिटलं की आत पिकायला लागतं.

[पडवीचा कोपरा. डालग्यावर गोणपाट.]

यानंतर तिने जे केलं ते चित्रित करण्यासारखं नव्हतंच. पेंढा अंथरलेल्या खोक्यात तांबडीला ठेवलं, वरून डालगं, त्यावर गोणपाट. अंधार आणि ऊब. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. धसक्याने ते उतरायला लागलं की जखमेच्या आधी गारठाच तिला नेतो. एका बाजूला बल्ब लावला, फक्त एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. संध्याकाळी वीज गेली. श्रावणात ती जातेच. मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली.

वाडीतली पोरं बघायला येत होती. सगळ्यांना सुनेचं एकच उत्तर: "तिका आता कोणी हात लावू नकात."

पाणी पाजायची घाई सगळ्यांनाच झाली होती. शेजारची एक बाई चोच उघडून चमच्याने पाणी ओतायलाच निघाली होती. जखमी कोंबड्या मरतात त्यातल्या बऱ्याच अशा मायेनेच मरत असाव्यात. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी, उघडं असतं. वरून ओतलेलं पाणी तिथून थेट फुप्फुसाकडे जाऊ शकतं. शुद्धीवर असलेली कोंबडी पाणी स्वतः टिपते, मान वर करते, गिळते. जिची मानच फाटलीय तिला हे जड जातं, म्हणून वाटी चोचीच्या उंचीवर धरायची आणि वाट बघायची. तांबडीने त्या रात्री काही घेतलं नाही. पहाटे चोचीच्या कडेला लावलेला थेंब तिने गिळला. मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातले पशुवैद्य आले. त्यांनी आधी मानेभोवती बोटं फिरवली. पक्ष्यांच्या फुप्फुसाला जोडलेली हवेची पिशवी फुटली असती तर कातडीखाली हवा भरून करकर लागली असती. तशी लागली नाही. मग पाणी पाजवून जखमेतून ते झिरपतंय का पाहिलं, म्हणजे अन्न साठवायची गळ्याखालची पिशवी फाटलीय का ते कळतं. तीही शाबूत. अँटिबायोटिक आणि दुखणं कमी करणारं औषध तिच्या वजनाप्रमाणे दिलं. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने द्यायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि औषध संपल्यावरही ते सांगतील तितके दिवस अंडं खायचं नाही. मांसाचा तर विषयच नको. आजीने मान डोलावली, पण चेहरा पडला.

खरा शत्रू माश्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरातच अळ्या वळवळायला लागतात. सून सकाळ-संध्याकाळ मोबाइलचा दिवा पाडून पिसांच्या मुळाशी बघायची. डालग्यावर गोणपाटाऐवजी आता जुनी मच्छरदाणी आली.

खाणं म्हणजे पातळ पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक. कोंबडीलाच अंडं, म्हणून आम्ही जरा चमकलो. तांबडीला काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी मान एका बाजूला कलली. माणसाच्या मानेत 7 मणके असतात, कोंबडीच्या 14. एवढी वळणारी मान सुजली, नसांवर दाब आला, की डोकं असं तिरकं होतं. पशुवैद्यांनी जीवनसत्त्वाचे थेंब वाढवले. आठवडाभर ती जग तिरकंच बघत होती, आणि दाणा टिपायला गेली की चोच बोटभर बाजूला पडायची.

[खळ्यात कोंबड्या. जाळीपलीकडे तांबडी.]

तिसऱ्या आठवड्यात जखम आतून भरत वर आली. कळपात मात्र लगेच सोडलं नाही. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात, त्यांना आपलं-परकं नसतं. आधी चार दिवस मधे जाळी. कोंबा येऊन पाहून गेला.

मुंगसाला मारायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि गडग्यातले साप तोच कमी करतो, हे आजीलाही मान्य. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी आली. तीन बाजू झाल्या. चौथी गणपतीनंतर, कारण मुलगा मुंबईहून तेव्हाच येणार.

तोवर भर दुपारी आजी पडवीतून ओरडते, "डालग्यार दगड ठेव गो!"

सून दगड ठेवते. आतून तांबडी कुरकुरते. मानेवर अजून पिसं नाहीत.